नदी-नाल्याकाठचं बांधकाम, पूररेषा आणि सवलत: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा, तेरणा काठ सोडून वाहिल्या आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूर बदलला. आधी लोक विचारायचे, "नाल्याची एनओसी (ना-हरकत) किती दिवसांत निघते?" आता विचारतात, "प्लॉटपर्यंत पाणी आलं होतं, तरी निघेल का?" फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि साइटवर उभ्या उभ्या सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी नकाशे करतो आणि परवानग्यांची कामं पाहतो, वकील नाही. प्रकरण कोर्टात असेल तर वकिलाशीच बोला.

१. नदी किंवा नाल्यापासून किती अंतर सोडावं लागतं?

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार नाला, कालवा अशा लहान प्रवाहापासून ६ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर अंतर सोडायचं. हे मोजायचं पाण्याच्या खुणेच्या कडेपासून. प्रवाहाच्या मध्यापासून नाही आणि तुमच्या तारेच्या कुंपणापासून तर नाहीच. अख्खा प्लॉटच या अंतरात बसत असेल तर ती जागा बांधकामाला पात्र नाही. थोडा भाग बसत असेल तर तेवढा पट्टा मोकळा ठेवून उरलेल्या जागेवर नकाशा करता येतो.

हे अंतर म्हणजे पूररेषा नव्हे. दोन्ही अटी वेगळ्या आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. पूररेषेसाठी प्रश्न ४ पाहा.

२. आमचा नाला अकरा महिने कोरडा असतो. त्यात पोरं क्रिकेट खेळतात. त्यालाही नाला धरणार का?

धरणार. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्यातली चीड मला समजते. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पुराची भीती घाला म्हटलं की तो हसणारच. पण आपल्याकडचा पाऊस महिनाभर रिमझिम पडत नाही. दोन-तीन तासांत कोसळतो, आणि काळी जमीन एकदा भिजून तुंबली की पुढचं सगळं पाणी ओघळीला लागतं.

नाला आहे की नाही हे त्यात पाणी आहे का यावर ठरत नाही, कागदावर ठरतं. गाव नकाशा आणि गट नकाशा बघा. निजामाच्या काळातलं सेतवार आणि १९५४-५५चं खासरा पत्रकही काढून ठेवा. मराठवाड्यात जुन्या नोंदीचा वाद निघाला की शेवटी याच कागदांवर येऊन थांबतो. सातबाऱ्यावर 'पोटखराब वर्ग ब' दिसला तर सावध व्हा. पोटखराब म्हणजे गटातला लागवडीखाली नसलेला भाग. रस्ते, नाले अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली जमीन त्यात मोडते. वर्ग अ पोटखराब लागवडीखाली आणून आकारणी करून घेता येते, वर्ग ब येत नाही.

मालकीचंही एकदा स्पष्ट करून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव यांचे तळ कोणाच्या कायदेशीर मालकीचे नसतील तर ते शासनाचे. नकाशात नाला तुमच्या गटाबाहेर स्वतंत्र दाखवला असेल तर त्यातली एक फूट जागाही तुमची नाही, मग बांधावरचं बाभळीचं झाड आजोबांनी लावलेलं का असेना. कागदावर कुठेच नाला नाही आणि जागेवर फक्त लवण (पाणी साचणारा सखल भाग) आहे, तर प्रकरण बरंच सोपं होतं. त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

३. एनओसी नेमकी कोणाकडून घ्यायची? एक ऑफिस दुसऱ्याकडे पाठवतं, दुसरं तिसऱ्याकडे.

आधी पाणी कोणाचं ते शोधा. नदी, मोठं-मध्यम धरण किंवा कालवा असेल तर जलसंपदा विभागाचा कार्यकारी अभियंता. आपल्याकडचे बहुतेक विभाग गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाखाली येतात. पाझर तलाव, गाव तलाव, छोटा लघुतलाव असेल तर मृद व जलसंधारण किंवा जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग. शहर हद्दीतल्या साध्या नाल्याचं महापालिका किंवा नगरपालिका बघते.

बांधकाम परवानगी देणारा अधिकारी वेगळा आणि पाण्याबद्दल अभिप्राय देणारा वेगळा, हे पक्कं ध्यानात ठेवा. अर्ज पहिल्याकडे करायचा. दुसऱ्याचं पत्र त्या फाइलला लागतं.

४. निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

ही पद्धत पाटबंधारे खात्याच्या (आताचा जलसंपदा विभाग) १९८९च्या परिपत्रकापासून चालत आली. त्याच वर्षी जुलैत बिंदुसरेने बीड शहरात हाहाकार केला होता. तेव्हाचे लोक अजून पाणी कुठवर आलं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, किंवा नदी काठोकाठ भरून जेवढं पाणी वाहून नेते त्याच्या दीडपट विसर्गाची पातळी, यातली जी जास्त ती. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वर धरण असेल तर सांडव्यातून सुटणाऱ्या विसर्गाचाही हिशेब तिच्यात धरतात. पैठणकरांना २००६ चा ऑगस्ट आठवत असेल. जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले की काय होतं ते नकाशा न बघताही कळलं होतं.

"शंभर वर्षांतून एकदा" ऐकून लोक निर्धास्त होतात. जरा आकडेमोड करू. २५ वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी ४ टक्के. ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता निघते जवळपास ७० टक्के. १०० वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा २६ टक्के येतो. गृहकर्जाची मुदत किती वर्षांची असते ते तुम्हाला माहीत आहेच.

५. निळ्या रेषेच्या आत काहीच करता येत नाही का?

नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. पण तिथे काही वापर चालतात: वाहनतळ, ओटे असलेली उघडी भाजी मंडई, बाग, हिरवळ, मोकळी जागा, स्मशानभूमी किंवा दफनभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाणी, गॅस आणि ड्रेनेजच्या पाइपलाइन, सार्वजनिक शौचालय. जागा त्या वापराला योग्य हवी, एवढी अट.

यातल्या 'हिरवळ' शब्दाने बऱ्याच जणांचं डोकं चालतं. लॉन्स काढायचं, मग स्टेज बांधायचं, मग वधूपक्षाच्या खोल्या, मग किचन शेड. पहिली पायरी नियमात बसते, बाकीच्या नाहीत. असं मंगल कार्यालय विकत घ्यायला निघाला असाल तर मंजूर नकाशा मागा. त्यात बहुतेक वेळा गवतच दाखवलेलं असतं.

६. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये प्लॉट आहे. तिथे घर होईल?

होईल. हा नियंत्रित पट्टा आहे. लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. ही उंची तुमच्या समोरच्या रस्त्यापासून मोजायची नाही, लाल रेषेच्या तलांकापासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या तिच्या उंचीपासून मोजायची. रस्त्याची पातळी ४१०.२० मीटर आणि लाल रेषेची ४१२.००, तर जोतं किमान ४१२.४५ वर घ्यावं लागेल. म्हणजे रस्त्यापासून सव्वादोन मीटर. एवढं जोतं भरण्यापेक्षा खांबांवर घर उचलून खाली गाडी लावणं बहुतेकांना परवडतं, आणि पाण्यालाही वाट राहते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. प्लॉटचा काही भाग पूररेषेत गेला आणि जमीन रहिवासी, व्यापारी, औद्योगिक अशा विकासयोग्य झोनमध्ये असेल, तर गेलेल्या भागाचा एफएसआय (जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) त्याच प्लॉटच्या उरलेल्या जागेवर वापरता येतो. "अर्धा प्लॉट वाया गेला" म्हणून कवडीमोल भावात विकण्याआधी हा हिशेब करून घ्या.

७. आमच्या नदीची पूररेषाच आखलेली नाही. मग?

विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत रेषा दाखवली असेल तर ती. नसेल तर जलसंपदा विभाग देईल ती. दोन्ही नसतील तर प्रश्न १ मधलं अंतर तरी लागू असतंच, पण परवानगी देणारा अधिकारी फाइल अडवून विभागाचा अभिप्राय मागवतो. माझ्या मते त्याचं चूक नाही.

अशा वेळी अर्जदार स्वखर्चाने सर्वेक्षण करून घेतो. नदीचे लांब छेद, ठरावीक अंतरावरचे आडवे छेद, पाणलोट क्षेत्र, विसर्गाचं गणित आणि त्यावरून पातळ्या, असा अहवाल विभागाकडे जातो. विभाग तपासून मान्य करतो किंवा त्रुटी काढतो. खासगी सल्लागाराने काढलेल्या रेषेला विभागाच्या सहीशिवाय किंमत नाही. छेद फक्त तुमच्या प्लॉटपुरते घेऊन चालत नाही, वर आणि खालीही घ्यावे लागतात. खाली कोल्हापुरी बंधारा किंवा बुटका पूल असेल तर त्याचा फुगवटा धरायचा राहिला की अहवाल हमखास परत येतो.

८. सगळे म्हणतात "सवलत मिळते". नेमकी कशात आणि कोणत्या आधारावर?

यूडीसीपीआरमध्ये प्राधिकरणाला स्वेच्छाधिकार दिला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात दाखवून देता येईल अशी खरी अडचण होत असेल, तर मोजमापात किंवा तरतुदीत बदल मंजूर करता येतो. अट ही की त्या इमारतीत राहणाऱ्यांच्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या आरोग्याला, अग्निसुरक्षेला, इमारतीच्या मजबुतीला आणि सार्वजनिक सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये. रस्त्याच्या हद्दीपासून सोडायचं अंतर, एफएसआय आणि पार्किंग यांत या अधिकाराखाली सूट नाही. मंजुरीसोबत अटी आणि अधिमूल्य (प्रीमियम) लागू शकतं.

आता हे पाण्याला लावून बघा. पूर हा सरळसरळ सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय. त्यामुळे निषिद्ध पट्ट्यात बांधू द्या असा अर्ज स्वेच्छाधिकारात बसवणं जवळपास अशक्य. बसू शकतं ते वेगळंच: नाल्याकडचं अंतर सोडल्यावर प्लॉट इतका निमुळता होतो की दुसऱ्या बाजूचं सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) पूर्ण सोडून खोलीच निघत नाही, तर ते सामासिक अंतर थोडं कमी करून द्या. अर्जदार पाण्याकडची सूट मागत राहतो आणि शेजारच्या बाजूची मागायची विसरतो. मी गेल्या काही वर्षांत मार्गी लावलेल्या अशा फायलींपैकी बहुतेक याच दुसऱ्या वाटेने सुटल्या.

अडचण म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. प्लॉटचा आकार, जमिनीचा उतार, आधीपासून असलेला रस्ता ही अडचण होऊ शकते. "महाग घेतला", "बिल्डरने सांगितलं नव्हतं", "पोरीचं लग्न आहे" ही कारणं खरी असतील, पण फाइलवर ती अडचण ठरत नाहीत. तुम्ही स्वतःच प्लॉटचे तुकडे पाडून निमुळता केला असेल तर अर्ज तिथेच लंगडा पडतो.

कागद कोणते लागतात? सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीची 'क' प्रत, नाला आणि पाण्याची खूण दाखवलेला टोटल स्टेशन सर्व्हे, तलांक, दोन्ही बाजूंचे फोटो आणि अर्धा पान, ज्यात नियमाप्रमाणे काय होतं आणि तुम्हाला काय हवं ते आकड्यांत लिहिलेलं असेल. दहा पानी कैफियत कोणी वाचत नाही.

९. नाला प्लॉटच्या बरोबर मधून जातो. कडेने वळवता येईल का?

नियमावलीत यासाठी थेट तरतूद आहे. लहान प्रवाह सखल जमिनीतून जात असेल आणि त्याला ठळक काठ नसतील, तर त्याच जमिनीच्या आत तो ठरावीक वाटेत आणायला किंवा वळवायला परवानगी मिळू शकते. पण पाणी जिथून तुमच्या जमिनीत येतं आणि जिथून बाहेर पडतं ती दोन्ही ठिकाणं हलवायची नाहीत, आणि नव्या नाल्याचा आडवा छेद प्राधिकरण ठरवेल तेवढाच. तसं केल्यावर सोडायचं अंतर नव्या नाल्याच्या कडेपासून मोजतात.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, नाला काटकोनात वळवायचा मोह. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी कोपरा खातं आणि सरळ जुन्या वाटेने घुसतं. दोन, शासकीय नाला. नकाशात स्वतंत्र दाखवलेल्या नाल्याच्या बदल्यात "आमच्यातली तेवढीच जागा घ्या" हे परस्पर ठरत नाही, तो जमिनीचा प्रश्न आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ठळक काठ असलेला मोठा नाला किंवा नदी या तरतुदीत येतच नाही.

१०. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग केली तर?

नाही. वर प्रश्न ५ मध्ये वाहनतळ चालतं म्हटलंय ते उघड्या जमिनीवर. नाला झाकला की गाळ काढता येत नाही आणि तुंबला की कळत नाही. छत्रपती संभाजीनगरात आणि नांदेडच्या जुन्या भागात नाल्यांवर बसलेल्या दुकानांचा अनुभव तुम्ही पावसाळ्यात घेतला असेलच.

११. प्लॉटला जायला नाला ओलांडावा लागतो. पाइप टाकून रस्ता करायचा आहे. कोणते पाइप चालतात?

आधी परवानगी, मग पाइप. आणि पाइपचा व्यास दुकानदाराला विचारून ठरवू नका. लहान पाणलोटासाठी साधं गणित आहे: वाहून येणाऱ्या भागाचा गुणांक, तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं, उत्तर घनमीटर प्रति सेकंद.

समजा, वरचं क्षेत्र ५० हेक्टर, तासाला ६० मिलिमीटर पाऊस आणि गुणांक ०.६. उत्तर येतं ५ घनमीटर प्रति सेकंद. आता ९०० मिलिमीटरचा सिमेंट पाइप घ्या. त्याचं तोंड साधारण ०.६४ चौरस मीटर, पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेलं तरी एका पाइपातून सव्वा घनमीटर जातं. म्हणजे चार पाइप लागले, तेही एकात कचरा अडकला नाही असं धरून. जागेवर बघावं तर एकच पाइप, त्यावर मुरूम. पाऊस आला की रस्ता बांधासारखा उभा राहतो आणि वरच्या शेतकऱ्याचं सोयाबीन पाण्यात. मग प्रश्न २० सुरू होतो. मी शक्यतो पेटीमोरीच (चौकोनी काँक्रीटची मोरी) सुचवतो. खर्च जास्त येतो, पण दरवर्षी रस्ता वाहून जात नाही.

१२. भराव टाकून जागा पूररेषेच्या वर आणली तर रेषा बदलते ना?

नाही. रेषा नदीच्या मूळ छेदावर काढलेली असते. तुम्ही भराव टाकलात म्हणजे नदीची जागा कमी केलीत, पाण्याची पातळी नाही. समोरच्या काठावर पाणी चढलं की तक्रार तुमच्याच नावाने येणार. शिवाय मुरूम आणायला गौण खनिजाचा परवाना लागतो. विनापरवाना उत्खनन किंवा वाहतुकीचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. पावत्या जपून ठेवा, तलाठी सर्वात आधी त्याच मागतो.

विभागाने स्वतः पूरसंरक्षक भिंत बांधली किंवा नवं सर्वेक्षण मान्य केलं तर मात्र रेषा सुधारली जाते. तिचीच मंजूर प्रत मागा.

१३. कालव्याकाठी जमीन आहे. कालव्याच्या रस्त्याने प्रवेश दाखवून लेआउट मंजूर होईल?

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर. त्याच्या काठचा रस्ता रोज वापरात असतो, म्हणून तो सार्वजनिक वाटतो. तो विभागाने संपादित केलेल्या जमिनीवरचा निरीक्षण रस्ता आहे. विभागाच्या लेखी संमतीशिवाय तो प्लॉटचा प्रवेशरस्ता म्हणून दाखवता येत नाही, आणि ही संमती सहसा मिळत नाही. घेण्याआधी दुसरा रस्ता आहे का ते बघा.

पाइपलाइन कालव्याखालून न्यायची असेल तर परवानगी मिळते, काम आवर्तन (कालव्याला पाणी सोडणं) बंद असताना करायचं. शेतचारी तुमच्या प्लॉटमधून जात असेल तर ती बुजवायची नाही. खालच्या खातेदाराला पाणी मिळत राहील अशी पर्यायी चारी दाखवून विभागाची मान्यता घ्या. वीस वर्षं चारीला पाणी आलं नाही हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय, विभागाने तो मानलेला आठवत नाही.

लाभक्षेत्रातल्या जमिनीवर सातबाऱ्याच्या इतर हक्कात पुनर्वसनाचा शेरा आहे का तेही बघा. असेल तर खरेदीच अडते, बांधकाम लांबची गोष्ट.

१४. धरणाच्या पाण्याकाठी रिसॉर्ट काढायचं आहे. पाणी तर मागे सरकलंय.

पाणी मागे सरकलं म्हणजे जमीन मोकळी झाली असं नाही. पूर्ण संचय पातळीच्या आतली जमीन संपादित झालेली असते. उघडी पडली की विभाग ती गाळपेरीसाठी हंगामापुरती देतो: हरभरा पेरा, टरबूज लावा. तिथे पक्कं बांधकाम चालत नाही. नाथसागराच्या बाबतीत आणखी एक थर आहे. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ चं आहे आणि त्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालंय. तिथे जलसंपदाच्या पत्राबरोबर वन विभागाचाही विषय येतो.

१५. गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहोत. ४२ ड ची सनद मिळाली. आता नाल्याची अडचण नाही ना?

आहे. महसूल संहितेच्या कलम ४२ ड मुळे जमीन अकृषिक मानली जाते. तो वापर बदलल्याचा आणि आकारणीचा विषय झाला. बांधकाम परवानगी वेगळी आणि तिला प्रश्न १ ते ६ मधलं सगळं लागू. नदीकाठच्या गावांत, गंगाखेडसारख्या ठिकाणी, गावठाणच नदीला चिकटून असतं. तिथे २०० मीटर म्हणजे कधी कधी सरळ पात्रात.

१६. आमचं जुनं घर निळ्या रेषेच्या आत आहे. पाडून नवं बांधता येईल?

जुनं बांधकाम अधिकृत असेल तर येतं. लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर आणि पाटबंधारे विभागाच्या ना-हरकतीसह. म्हणजे निळ्या रेषेच्या आतलं घर, पण उंची लाल रेषेवरून. प्रश्न ६ मधलं गणित इथे आणखी कडक होतं.

सगळं येऊन अडतं 'अधिकृत' शब्दावर. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. जुना मंजूर नकाशा, नगर भूमापनाची नोंद, गावठाणातली मालमत्ता पत्रकाची नोंद, यातलं काहीतरी ठोस हवं. पाडण्याआधी हे गोळा करा. घर पाडून झाल्यावर येणारे लोक फार आहेत.

१७. जलयुक्त शिवारमध्ये नाला खोल आणि रुंद केला. आता अंतर जुन्या काठापासून मोजायचं की नव्या?

नियमावलीत या परिस्थितीचा वेगळा उल्लेख नाही. नियम पाण्याच्या खुणेच्या कडेपासून सांगतो, म्हणजे आज जागेवर जी कड आहे ती. पण रुंदीकरणात पोकलेनने तुमच्या गटात शिरून खोदलं असेल, तर मोजणी नकाशातली हद्द आणि जागेवरची कड जुळत नाही. मी दोन्ही नकाशावर दाखवतो आणि ज्यात अंतर जास्त सुटतं ती धरतो. नंतर वाद होण्यापेक्षा दोन मीटर गेलेले परवडतात. सिमेंट नाला बांध जवळ असेल तर त्याच्या भरलेल्या पाण्याची खूण धरा, उन्हाळ्यातली नाही.

१८. अर्ज देऊन ६० दिवस झाले, उत्तर नाही. परवानगी मिळाली असं समजून काम सुरू करू का?

प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये ६० दिवसांची मानीव परवानगी आहे, पण प्रस्ताव विकास योजनेला आणि नियमांना धरून असेल तरच. जलसंपदाचा अभिप्रायच यायचा असेल किंवा सवलत मागितली असेल, तर प्रस्ताव नियमात बसतो असं तुम्ही म्हणूच शकत नाही. शिवाय त्रुटीचं पत्र आलं असेल तर ६० दिवसांचा हिशेब बदलतो. काम सुरू करू नका.

१९. नाकारलं. पुढे?

बांधकाम परवानगी नाकारली असेल तर प्रश्न १८ मधल्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील. ही मुदत लोक ऑफिसात चकरा मारण्यात घालवतात. जलसंपदाने ना-हरकत नाकारली असेल तर कारण लेखी घ्या आणि फेरसर्वेक्षणाच्या विनंतीसह अधीक्षक अभियंत्याकडे जा. पूररेषेचा नकाशा, छेद, विसर्गाचं गणित माहितीच्या अधिकारात मागता येतं, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित. तुमच्या प्लॉटजवळचा छेद चुकलेला निघाला तर तोच तुमचा सर्वात मोठा आधार. शेवटी उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे, पण तिथे रिकाम्या हाताने गेलात तर कोर्ट तुम्हाला पुन्हा त्याच ऑफिसात पाठवतं.

२०. शेजाऱ्याने नाल्यात भराव टाकला. माझ्या शेतात पाणी तुंबतंय.

शेतजमीन असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करा. शेतातून पुढे वाहणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक वाटेत केलेला अडथळा तो काढायला लावू शकतो. मुदत सहा महिने, अडथळा झाल्यापासून. "पुढच्या पावसाळ्यात बघू" म्हणालात की मुदत संपली. तहसीलदाराच्या निर्णयावर अपील नाही, फेरतपासणी आहे. फोटोंवर तारीख ठेवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. शहरातल्या प्लॉटला हा कायदा लागत नाही, तिथे महापालिका-नगरपालिका आणि दिवाणी न्यायालय.

२१. बांधून झालंय. दंड भरून नियमित होईल का?

राज्याने २०१७ मध्ये, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांसाठी प्रशमन शुल्क भरून नियमित करण्याची योजना आणली. तिच्या नियमांतच नदी, कालवा, तलाव आणि निळ्या पूररेषेतली बांधकामं वगळली आहेत. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असाल तर जोत्याची पातळी मोजून घ्या, सगळं तिच्यावर ठरतं.

२२. एक सल्लागार म्हणतो, नदी विनियमन क्षेत्राच्या धोरणामुळे कारखाना होणारच नाही. खरं आहे?

नदीकाठच्या उद्योगांवर बंधनं घालणारं ते धोरण राज्याने २०१५ मध्येच रद्द केलं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते ती वेगळी आणि ती अजूनही लागतेच. सल्लागाराकडून त्या धोरणाची प्रत मागून बघा, तारीख वरच छापलेली असते.